पुरेबाईंचा थवा

पुरेबाईंचं खरं नाव वाचनालयाच्या जिन्याखालच्या बोर्डावर लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी वर्गातल्या कोणी घेतली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये संध्याकाळी त्यांचा नाट्यवर्ग भरे. कोणी काही करून दाखवायला उभं राहिलं की बाई भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून बघत राहायच्या. समोरचा माणूस जरा कुठे रंगात येतोय असं दिसलं, की म्हणायच्या, "पुरे." आवाज चढलेला नसे. कापड मोजून देणारा दुकानदार म्हणेल तसं. पण त्या एका शब्दापायी औषधाच्या दुकानातल्या सेल्समनने दोनदा वर्ग सोडला होता आणि दोनदा तो मान खाली घालून परत आला होता.

"पुरे"नंतर कधी कधी एखादं वाक्य यायचं. ते न आलेलं बरं, असं सगळ्यांचं मत होतं.

वर्गातल्या एका नर्सला त्या म्हणाल्या होत्या, "तू आरशासमोर उभी आहेस की पेशंटसमोर? चेहरा बघून ताप यायला लागलाय मला." बस ड्रायव्हरला म्हणाल्या होत्या, "तुमचे खांदे खोटं बोलतात. घरीही बोलत असणार." ड्रायव्हर अंगापिंडाने दांडगा माणूस. त्या दिवशी घरी जाऊन तो बायकोशी बोललाच नाही, आणि बायकोने विचारलं तेव्हा नेमका खांदे उडवून मोकळा झाला.

या वर्गात संवाद नव्हते, पाठांतर नव्हतं. बाई शिकवायच्या ते न बोलता करायचं काम. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकाने हलायचं, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचं. किंवा एकाने हात फिरवायला सुरुवात करायची, दुसऱ्याने त्याला आपली एक हालचाल जोडायची, असं करत सगळ्यांनी मिळून एक यंत्र उभं करायचं. किंवा दोघांनी उत्स्फूर्त प्रसंग करायचा, ज्यात काय होणार हे दोघांनाही माहीत नाही. त्याचा नियम एकच होता आणि बाई तो दर आठवड्याला घोटून घ्यायच्या: "समोरच्याने जे दिलं ते नाकारायचं नाही. घ्यायचं आणि पुढं न्यायचं. समोरच्याने तुम्हाला हवेतली पिशवी दिली आणि तुम्ही 'ही पिशवी नाही' असा चेहरा केलात, की खेळ मेला."

"बाई, आणि समोरच्याने थोबाडीत दिली तर?" ड्रायव्हरने विचारलं होतं.

"तर गाल पुढं न्या."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

पण या सगळ्याच्या वरचं काम म्हणजे थवा. हॉलभर सगळ्यांनी मोकळं चालायचं, ज्याला जिकडे जायचं तिकडे. कोणी पुढारी नाही, कोणी इशारा करायचा नाही, डोळ्यांनी खुणावायचं नाही. आणि तरीही सगळ्यांनी एकदम थांबायचं. मग तसंच, कोणी न सांगता, एकदम निघायचं. पक्षी आकाशात वळतात तसं. पहिले काही महिने तो थवा नव्हताच, बाजार उठल्यावरची पळापळ होती. एक थांबला की बाकीचे ओशाळून थांबायचे. कोणी खोकलं तरी तोच इशारा समजून अर्धे थबकायचे.

"दिवसभर ब्रेकच मारतो मी," ड्रायव्हर कुरकुरायचा. "इथं येऊन परत ब्रेकच मारायचा?"

"तिथं तुम्ही मारता. इथं तो लागला पाहिजे," बाई म्हणाल्या.

मग एक दिवस तो लागला. सगळे चालत होते आणि सगळे थांबले. हॉलमध्ये एक अशी शांतता पडली की खालच्या वाचनालयात कोणीतरी पान उलटल्याचं वर ऐकू आलं. ती काही श्वासांपुरतीच टिकली. पण त्यानंतर नर्सला तिच्या बहिणीने विचारलं, "एवढं ऐकून घेतेस त्या बाईचं, मग जातेस कशाला?" तेव्हा नर्स म्हणाली, "ते सगळं थांबतं ना गं एकदम. त्यासाठी जाते. ती बाई मध्ये येते, त्याला इलाज नाही."

*

बाईंचं स्वतःचं आयुष्य रंगमंचावर गेलं होतं, आणि तिथे त्या एकूण बोलल्या ते जवळपास काहीच नाही. नाटक कंपनी सासरची. नवरा दिवे सांभाळायचा. धाकटा दीर नायक. त्याचा आवाज खणखणीत, शेवटच्या रांगेतल्या डुलक्या मोडणारा. बाईंच्या वाट्याला यायच्या त्या दार उघडणाऱ्या, ट्रे आणून ठेवणाऱ्या, कोपऱ्यात विणत बसणाऱ्या बायका. "वहिनी मागे असल्या की घर भरल्यासारखं वाटतं," असं दीर म्हणायचा. याला कौतुक समजायचं की फर्निचरचा हिशोब, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

एका प्रयोगात दिराचं मोठं स्वगत चालू होतं. तो पुढे येऊन कंठशोष करत होता आणि मागे खुर्चीत बाई विणत होत्या. विणता विणता त्यांची सुई थांबली. काही ठरवून नाही. त्या वाक्यावर ती थांबली, इतकंच. पहिल्या रांगेतल्या एका बाईची नजर सुईकडे गेली, मग तिच्या शेजारणीची, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह नायकाला सोडून एका थांबलेल्या सुईकडे बघायला लागलं.

पडदा पडल्यावर दीर आत आला. घाम पुसत, अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचं काम विणायचं. थांबायचं नाही."

"सुई अडकली, भाऊजी."

"मग सोडवायची. लोक माझं ऐकायला येतात."

त्यानंतर त्यांना विणायचं काम मिळालं नाही. दार उघडायचं तेवढं राहिलं, तेही पुढे पुढे पाठमोरं उभं राहून. नवरा दिव्यांच्या फळीवरून हे बघत असे, आणि घरी आल्यावर चिडवत असे: "तू रागावलीस की आधी तुझं नाक रागावतं. तोंडाला मागाहून कळतं." बाईंना तो नवऱ्याचा एक विनोद वाटे. नवरा गेला, कंपनी बंद पडली, तो विनोदही मागे पडला.

आता भाऊजी वाचनालयाच्या कमिटीवर होते, आणि बाईंच्या हॉलशेजारच्या खोलीत वक्तृत्वाचा वर्ग चालवत होते. दोन्हींच्या मध्ये प्लायवूडची भिंत. इकडे सगळे श्वास रोखून थांबलेले असताना तिकडून माइकवर आवाज यायचा, "हॅलो, हॅलो, चेक... मित्रहो! माझ्यात आत्मविश्वास आहे!" आणि मग पोरंबाळं, कारकून, विमा एजंट सगळे एका सुरात ओरडायचे, "आहे!" त्यांच्याकडे प्रवेशासाठी रांग होती. खोली पुरत नव्हती. आणि हे बाईंना कळण्याआधी जाऊबाईंना कळलं होतं. त्या जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हे म्हणत होते, वहिनींच्या हॉलमध्ये गप्प बसायला एवढी जागा कशाला लागते? गप्प बसायला कोपरा पुरतो."

पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरींनी बाईंना खाली बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "बाई, एक समजावून सांगा. तुमच्या वर्गातून शिकून बाहेर पडलेला माणूस काय बोलू शकतो?"

"काही नाही."

"मग?"

"गप्प राहू शकतो."

सेक्रेटरींनी चष्मा खाली घेतला. कमिटी एक दिवस वर येऊन प्रात्यक्षिक बघेल, म्हणाले. पसंत पडलं तर वर्षभर हॉल बाईंचा. नाहीतर मधली भिंत काढून दोन्ही खोल्या वक्तृत्वाला. "तुमच्या दिरांनी स्वतःहून सांगितलंय, ते मत देणार नाहीत. घरचं नातं आहे म्हणून. मोठ्या मनाचा माणूस."

बाई जिना चढून वर आल्या. त्यांना या वर्गापलीकडे काही नव्हतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हॉल गेला तर त्यांच्यासाठी उरणार होती खालच्या मजल्यावर दीर-जाऊ राहत असलेल्या घरातली वरची खोली, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या गॅरेजची पाटी.

*

थव्यात एकच खोट होती, आणि ती म्हणजे काका. काका निवृत्त पोस्टमन. वर्गात सगळ्यात आधी यायचे, खिडक्या उघडायचे, दिवे लावायचे. आरशात ते बरे होते, यंत्रात तर मस्तच. पण थव्यात सगळे थांबले की काकांचा एक पाय मागाहून टेकायचा. फार नाही. दारावर टकटक करून झाल्यावर कोणी पुन्हा एकदा हलकेच टिचकी मारावी, तेवढाच.

"काका, का?" बाईंनी विचारलं होतं.

"सवय हो," काका म्हणाले. "आयुष्यभर फाटक उघडायच्या आधी आत कुत्रं आहे का बघत आलो. आता थांबायचं म्हटलं तरी आधी बघतो, कोणी कोणावर आपटत नाही ना. मग थांबतो."

"इथं कुत्रं नाही."

यावर ड्रायव्हर नर्सच्या कानाशी लागला, "खात्री नाही देता येत." नर्सने त्याला कोपर मारलं, पण बाईंना ऐकू जायचं ते गेलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या आठवड्यात थवा चालू होता. सगळे थांबले, आणि काकांचा पाय पुन्हा मागाहून टेकला. बाई भिंतीपासून सुटून पुढे आल्या.

"पुरे. काका, तुम्ही प्रात्यक्षिकाच्या दिवशी खुर्च्या लावा."

"लावतो की. लवकरच येतो मी. आणि मग?"

"मग त्यातल्या एका खुर्चीवर बसा."

काकांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. भिंतीकडेला ठेवलेले बूट उचलले आणि दाराशी जाऊन, एका हाताने चौकट धरून ते घालायला लागले. नाडी बांधताना त्यांचा तोल गेला, तेव्हा नर्स धावली. काका तिला म्हणाले, "असू दे पोरी, असू दे."

"बाई, हे बरोबर नाही," नर्स म्हणाली.

"थवा बरोबर दिसला पाहिजे. माणसाचं काय ते घरी बघा."

"तुम्हाला माणूस दिसतो तरी का?" हे ड्रायव्हर.

"मला तुमचे खांदे दिसतात. खाली घ्या ते. चला, चाला सगळे."

ते चालले. कोणाच्या चालण्यात जीव नव्हता, चेहऱ्यावर आठ्या होत्या. दाराबाहेर काकांच्या बुटांचा जिना उतरतानाचा आवाज येत होता. सेल्समन मान वळवून तिकडे बघत होता आणि बाईंना आता त्यालाही खडसवायचं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच सगळा थवा थांबला. एका ठोक्यावर, धागा तोडल्यासारखा. इतका नेमका तो आधी कधीच थांबला नव्हता.

काकांना काढल्याचा हा फायदा, अशी बाईंनी मनाशी नोंद केली.

*

प्रात्यक्षिकाच्या दिवशी काका आले. सांगितल्याप्रमाणे खुर्च्या लावल्या, फडक्याने पुसल्या, आणि शेवटची खुर्ची दाराजवळ ओढून तिच्यावर बसले. पायात बूट तसेच. सेक्रेटरी आले, खजिनदार आले, पुस्तकं खरेदी करणाऱ्या उपसमितीच्या एक जाडजूड बाई आल्या. सगळ्यात मागून भाऊजी आले आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसले.

"मी आपला प्रेक्षक," ते म्हणाले. "वहिनी, सुरू करा. आम्ही गप्प बसतो. तुमच्याकडे तेच शिकवतात ना?"

खजिनदार फिसकन हसले. बाई कमिटीच्या खुर्च्यांच्या कडेला, भिंतीपाशी, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

आरसा झाला. नर्स आणि ड्रायव्हर समोरासमोर होते, आणि तो दांडगा माणूस तिच्या बोटांबरोबर बोटं अशी उघडत होता की उपसमितीच्या बाई पुढे सरकून बसल्या. यंत्र झालं. खजिनदारांनी मोबाइल बघितला. सेक्रेटरींनी जांभई तोंडातच चावली. भाऊजी हात गुडघ्यांवर ठेवून, मोठ्या समजुतीने, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे बसले होते.

मग थवा. सगळे चालायला लागले, अनवाणी, हॉलभर. एकदा थांबले, चांगले थांबले. निघाले, चांगले निघाले. सेक्रेटरींची जांभई गेली. आता दुसरं थांबणं, मग तिसरं, मग शेवट, असं बाईंच्या डोक्यात चालू होतं, आणि तेवढ्यात दाराकडून आवाज आला. काकांचे पाय. खुर्चीत बसल्या बसल्या ते नकळत थव्याबरोबर चालत होते, बुटांचे तळवे फरशीवर हळूच घासत. आणि घासत होते ते सगळ्यांच्या मागाहून.

भाऊजींनी मान वळवून काकांकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं, आणि भुवया उचलल्या.

बाईंच्या डोक्यात तिडीक उठली. तोंड त्यांनी उघडलं नव्हतं, शब्द अजून जिभेवर आला नव्हता. आणि थवा थांबला. थांबायचं नव्हतं तिथं थांबला. थांबून, सगळेच्या सगळे, जिथे होते तिथे वळले, आणि बाईंकडे पाठ करून उभे राहिले.

कोणी हललं नाही. समोर नुसत्या पाठी. नर्सची ताठ, सेल्समनची पोक आलेली, ड्रायव्हरची दरवाजाएवढी. पलीकडच्या खोलीतून भाऊजींच्या मदतनीसाचा आवाज आला, "माझ्यात आत्मविश्वास आहे!" आणि त्यावर पोरांचं, "आहे!"

"हे काय?" सेक्रेटरी कुजबुजले.

भाऊजींच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. घाई नसलेल्या माणसाचं हसू.

मग दाराशी खुर्ची करकरली. काका उठले. बाईंकडे नीट, पूर्ण बघितलं, आणि सावकाश वळून त्यांनीही पाठ केली. सगळ्यांच्या मागाहून.

बाईंना पहिल्यांदा जे सुचलं ते एकच: कोण? कोणी ठरवलं हे? त्यांनी ड्रायव्हरच्या मानेकडे बघितलं. मान लाल झाली होती. या माणसाचंच काम. नाव घ्यावं, आत्ता, कमिटीसमोर, आणि हाकलून द्यावं. तोंडघशी तर पडलोच आहोत, निदान एकाला तरी सोबत घेऊन पडू. आणि मग त्यांना दिसलं की नाव घेतलं की हे बंड ठरतं, आणि बंड ठरलं की हॉल जातो. समोरच्यांनी दिलं होतं ते थोबाडीत होतं, यात शंका नव्हती. आणि दिलं ते नाकारायचं नाही, हा नियम बाईंचाच होता.

त्या भिंतीपासून सुटल्या. संथ चालत पाठींच्या मधे गेल्या. नर्सच्या खांद्याला त्यांची बाही घासली तशी नर्स आक्रसली. अगदी मधे जाऊन बाई उभ्या राहिल्या आणि वळल्या. इतरांसारख्याच, त्याच दिशेला. आता कमिटीसमोर आणि भाऊजींसमोर बाईंचीही पाठ होती. कितीतरी वर्षं त्यांना पाठमोरं उभं राहायला लावलं गेलं होतं. ते कसं राहायचं हे त्यांना येत होतं.

त्या उभ्या राहिल्या. भोवतीच्या माणसांचा संताप त्यांना उष्म्यासारखा अंगाला लागत होता. उपसमितीच्या बाईंनी श्वास रोखल्याचं त्यांना ऐकू आलं. मागे भाऊजींची खुर्ची अस्वस्थ होऊन वाजली. प्रेक्षक कधी फसतो हे बाईंना पाठीने कळायचं. ते कळलं तशा त्या म्हणाल्या, "पुरे."

आणि वळून विचारलं, "कोणी इशारा केलेला दिसला?"

"नाही!" सेक्रेटरी जवळजवळ उभेच राहिले. "कोणी म्हणजे कोणीच नाही! आणि ते दाराजवळचे गृहस्थ, ते शेवटी... ते मुद्दामच ना?"

"मुद्दाम," बाई म्हणाल्या.

उपसमितीच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. खजिनदारांनी मोबाइल खिशात घालून वाजवल्या. "बाई, नाही, हे..." असं ड्रायव्हर म्हणायला लागला, तोच नर्सने टाच त्याच्या पायावर ठेवली आणि तो गप्प झाला. भाऊजींनीही दोन-तीन टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासारख्या नटाला तेवढ्या वाजवणं भाग होतं.

*

कमिटी खाली गेली. हॉल वर्षभरासाठी बाईंचा, असं सेक्रेटरी जिन्यातूनच सांगून गेले. दार बंद झाल्याबरोबर ड्रायव्हर उसळला.

"गिळलंत! आमचं बंडसुद्धा घशात घातलंत! आणि काकांचं तर... 'मुद्दाम' म्हणे!"

"कोणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे अजून तेच!"

"कोणी ठरवलं एवढंच विचारतेय. तुम्ही?"

"मी नाही. ठरवलं असतं तर खालीच सांगून आलो असतो कमिटीला."

"मग तू?" त्या नर्सकडे वळल्या.

"कोणी काही ठरवलं नव्हतं," नर्स म्हणाली. तिचा आवाज थंड होता, रक्त घेताना बोलावं तसा. "आणि आत्ता गप्प बसलो ते तुमच्यासाठी नाही. हॉल गेला असता म्हणून. पाठ फिरवली तीही ठरवून नाही. तुम्ही तो श्वास घेतलात."

"कुठला श्वास?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेल्समन तर हसलाच. "बाई, खरंच ठाऊक नाही तुम्हाला?"

"कुणाला बोलायच्या आधी तुम्ही नाकाने एक श्वास घेता," नर्स म्हणाली. "एवढासा. हनुवटी वर जाते. मग 'पुरे', आणि मग जे काय ते. वर्षभर आम्ही त्या श्वासाला थांबतोय. कोणाच्या वाट्याला येणार हे माहीत नसतं ना, म्हणून सगळेच थांबतात. हा तुमचा थवा. बिनइशाऱ्याचा म्हणे. आज तो श्वास काकांसाठी आला आणि मला तुमचं तोंड बघवेना. मी वळले. बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा."

"माझंही तेच," सेल्समन म्हणाला.

"तेच," ड्रायव्हर म्हणाला, आणि आपलं कोणाशी एकमत झालं याचा त्याला राग आल्यासारखा दिसला.

बाईंचा हात नाकाकडे गेला. आधी नाक रागावतं, तोंडाला मागाहून कळतं. दिव्यांच्या फळीवर बसलेल्या एका माणसाने हे वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. कोणी पुढारी नाही, असं ज्याच्याबद्दल त्या नाक वर करून सांगत आल्या होत्या, त्या थव्याच्या पुढारी त्याच निघाल्या होत्या. नाक वर करून. अगदी शब्दशः.

काका खुर्च्या गोळा करत होते. "पुढच्या आठवड्यात मी थव्यात आहे," ते खुर्ची घडी करता करता म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

बाईंनी तोंड उघडलं, आणि डझनभर डोळे त्यांच्या नाकावर खिळले. त्यांनी तोंड मिटलं.

*

पुढच्या आठवड्यात कोणी येणार नाही असं बाईंना वाटलं होतं. सगळे आले. थांबणं त्यांचं होतं, हॉल त्यांचा होता, बाईंपायी ते सोडायची कोणाची तयारी नव्हती. कोणी बाईंकडे बघून मान हलवली नाही. काकांनी बूट भिंतीकडेला काढून ठेवले आणि सगळ्यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

बाई भिंतीला टेकून होत्या. थवा वाईट चालला होता. इशारा उरला नव्हता, आता खरोखरच एकमेकांना ऐकून थांबावं लागत होतं, आणि ते यांना येत नव्हतं. पुन्हा बाजार उठल्यासारखी पळापळ. नर्स सेल्समनवर आदळली. ड्रायव्हर दोनदा एकटाच थांबला आणि शिव्या पुटपुटला. बाईंच्या आत एकेक वाक्य तयार होत होतं, चांगली धारदार वाक्यं, आणि त्या तोंडाने श्वास घेत ती गिळत होत्या. जबडा जरा उघडा, घसा कोरडा. वर्ग हे बघत होता आणि त्याची सगळ्यांना मजा येत होती, हे लपवायची तसदी कोणी घेत नव्हतं.

"जरा हळू," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा आला. "परत."

"परत म्हणाल्या," सेल्समन ड्रायव्हरला म्हणाला. "ऐकलंस का? परत."

तेवढ्यात दार वाजलं. भाऊजी. हातात वायर गुंडाळलेला माइक. आत न येता, उंबऱ्यावर उभं राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, आवाज कसला येतोय तुमचा? सर्दी झालीय का? घसा सांभाळा. तशी तुम्हाला त्याची गरज पडत नाही म्हणा."

बाई त्यांच्याकडे वळल्या. वर्ग आता त्यांच्या मागे होता.

"आणि ते परवाचं," भाऊजी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "सेक्रेटरींना फसवलंत. मला नाही. मी नट आहे, वहिनी. ती माणसं तुमच्यावर थुंकत होती."

"हो," बाई म्हणाल्या.

आणि मग तो आलाच. नाकाने, एवढासा, कोरडा. या वेळी बाईंनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला.

त्यांच्या मागे हॉलमध्ये सगळी पावलं फरशीवर एकदम घासली. एकच आवाज, धागा तोडल्यासारखा. भाऊजींची नजर बाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच अडकली. त्यांच्या तोंडचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. बाईंनी वळून बघितलं नाही. कोणाकडे पाठ केली होती वर्गाने, भाऊजींकडे की आपल्याकडे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि त्या विचारणारही नव्हत्या.

"पुरे, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि दाराला हात घातला.

दार लागत असतानाच मागे अजून एक पाऊल वळलं. सगळ्यांच्या मागाहून.